बिटकॉइन नोडचा सिंक रखडला होता, तेव्हा

बिटकॉइन कोर हे नोड, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः पडताळणारा संगणक, चालवायचं सॉफ्टवेअर. त्याचा पहिला सिंक, म्हणजे सुरुवातीपासूनच्या नोंदी उतरवून पडताळणं, अर्ध्यावर मुंगीच्या पावलाने चालू लागला. नेटचा दोष नव्हता. चेनस्टेटमधल्या (न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीतल्या) बारीक वाचन-लेखनाने फिरत्या हार्डडिस्कची दमछाक होत होती.

नोड थांबवून डेटा फोल्डर एसएसडीवर नेलं. ६०० जीबीहून जास्त भरणारे ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे) जुन्या डिस्कवरच ठेवले, सेटिंगमध्ये 'ब्लॉक्सडिर' देऊन. इथे हमखास चूक होते: ब्लॉक्स फोल्डरमधल्या फक्त डॉट-डॅट फाइली जुन्या डिस्कवर राहतात, इंडेक्स फोल्डर एसएसडीवरच हवं.

रॅम ८ जीबी, म्हणून 'डीबीकॅश' (चेनस्टेटसाठी रॅममध्ये राखलेली जागा, एमबीत) ४५० वरून ४०००. सिंक संपल्यावर पुन्हा ४५०. कॅश डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली तर तेवढी पडताळणी परत करावी लागते. त्यामुळे यूपीएस हवाच. बंद करताना 'स्टॉप' कमांड देऊन डीबग लॉगमध्ये (नोडच्या नोंदवहीच्या फाइलीत) शटडाउन 'डन' झाल्याची ओळ दिसेपर्यंत प्लगला हात लावायचा नाही.