कॉम्प्युटर वेगवान करायला बसण्याआधी

घरचा विंडोजचा कॉम्प्युटर रडतखडत चालतोय म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला हात घालायचा असेल, तर सगळ्यात आधी अर्धा तास काहीही न बदलता नुसतं बघायचं. कॉम्प्युटर पूर्ण रिस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उचलला जातो, त्यामुळे जुना गोंधळही तसाच परत येतो. रोज रात्री न चुकता बंद होणाऱ्या मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळेच. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून हाताळता येईपर्यंत किती वेळ गेला, तो कागदावर लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर नंतर ‘जरा फास्ट वाटतंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम करता करता सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांवर लक्ष ठेवा. सगळी मेख इथेच आहे. जुन्या मशीनवर हमखास दिसणारं चित्र असं: सीपीयू दहा टक्क्यांच्या आसपास निवांत, डिस्क मात्र १०० टक्के, आणि शेजारी वाचन-लेखनाचा वेग बघावा तर सेकंदाला जेमतेम दोन-चार एमबी. इतकंसं काम आणि डिस्क शंभर टक्के कशी? हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० धरले तरी एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. विखुरलेल्या हजारो छोट्या फायली वाचायच्या तर प्रत्येक वेळी वाचणारं हेड हलवून तबकडीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबावं लागतं. अशी विखुरलेली वाचनं हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशेच करू शकते, तर साधी एसएसडीसुद्धा, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हजारोंनी करते. म्हणून चित्र असं असेल तर बाकीच्या साफसफाईवर दिवस घालवू नका, सरळ एसएसडी घ्या. माझ्या मते जुन्या मशीनवर खर्च करण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि बऱ्याचदा शेवटचीही.

डिस्क शांत आहे पण मेमरी सतत नव्वदीच्या घरात असेल तर रॅम कमी पडतेय. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकमेकांच्या जागी त्या बसतच नाहीत, म्हणून प्रकार नक्की करूनच खरेदी करा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे वाढवायचा प्रश्नच मिटतो. एसएसडीचंही तसंच. ‘एम डॉट टू’ प्रकारच्या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या असतात आणि दिसायला जवळपास सारख्या. आपल्या बोर्डाला कुठली चालते ते मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर आधी बघा.

बॅकअप. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली तिथून उघडून पाहा. हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर हे काम सगळ्यांच्या आधी, अगदी वर सांगितलेल्या मोजमापाच्याही आधी. डिस्क बदलायची असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं असेल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू झालेलं असतं आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. ती कागदावर लिहून ठेवा. विंडोज नव्याने टाकायचं असेल तर किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची असेल तर साटा ते यूएसबी केबल हवी.

खर्चाची गरज नसलेली कामं फारशी लांबण लावण्यासारखी नाहीत. कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्टार्टअपच्या यादीतून चॅट, गेम आणि प्रिंटरची शोभेची सॉफ्टवेअर बंद करा, पण टचपॅड आणि साउंडशी संबंधित नोंदींना हात लावू नका. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर एक काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन तपासा, न वापरलेली उडवा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर विंडोजमधली नको असलेल्या फायली काढणारी ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय चालवा. एसएसडीला मुद्दाम डीफ्रॅग (विखुरलेल्या फायलींचे तुकडे एकत्र लावणं) करायचं नाही, तिची निगा विंडोज स्वतः राखतं. आणि ‘एका क्लिकमध्ये पीसी सुसाट’ म्हणणारी रजिस्ट्री क्लीनर सॉफ्टवेअर अजिबात नकोत. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही. तिच्यातल्या जुन्या नोंदी काढून वेगात जाणवेल असा फरक पडत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र चालतं सॉफ्टवेअर बंद पडतं.

सुरुवातीला ठीक आणि तासाभराने मंद, वर पंख्याचा घोंघाट, असं असेल तर धूळ. गरम झालेला सीपीयू स्वतःहून वेग कमी करतो. वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवा. पातं मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं आणि पंखा बिघडू शकतो.

खरेदीला निघण्याआधी एकच गोष्ट उरते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) ही आज्ञा चालवली की आपल्या मशीनमध्ये टीपीएम आहे का ते कळतं. काही वेळा ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं. नसेलच, तर एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवणं हा धडधाकट पर्याय आहे. इन्स्टॉल न करता ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. तेव्हा ते थोडं संथ वाटेल, पण वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात की नाही हे तेवढ्यात समजतं.