चुनखडकावरची झाडतोड: या चुका टाळा

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर चुनखडकाच्या पट्ट्यात देवदार-हेमलॉकचं दाट जंगल आहे. बेटावर हजाराहून जास्त गुहांची नोंद आहे. तिथल्या तोडीच्या आराखड्यांत त्याच त्या चुका दिसतात, कारण पाणी उतारावरून नाल्याकडे जाणार असं धरून चाललेलं असतं. चुनखडकात ते खळग्यांतून, म्हणजे खडक विरघळून पडलेल्या खड्ड्यांतून, थेट खाली गुहांत जातं. सह्याद्रीच्या बसाल्टावर तयार झालेली नजर इथे हमखास फसते.

खळग्यात फांद्या ढकलणं. एक्स्कॅव्हेटरवाल्याला हा आयता उकिरडा वाटतो. पहिल्या हिवाळ्यात काही बिघडत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. मग डहाळ्या आणि माती तळाच्या फटीत घट्ट बसतात, पाणी तुंबतं, काठ भिजून खचतो. एखाद्या जोराच्या पावसात बूच सुटलं की सगळा गाळ गुहेतल्या ओढ्यात उतरतो. वर हिरवळ आली तरी खालचा गाळ तसाच राहतो. शिवाय कुजणारं लाकूड पाण्यातला प्राणवायू खातं आणि गुहेतले बारीक जलचर मरतात.

तोडीआधी खळग्याच्या काठाच्याही बाहेर, उतार सुरू होतो तिथे फीत बांधा. झाड काठापासून उलट दिशेला पाडा. तरीही काही आत पडलंच, तर त्याच दिवशी हाताने किंवा विंचने काढा. उत्साहाच्या भरात शेवाळलेले जुने ओंडके मात्र उपसू नका. त्यांनीच माती धरून ठेवलेली असते.

फक्त गुहेच्या तोंडाभोवती वर्तुळ आखणं. तोंडाभोवती दोन झाडांच्या उंचीएवढा पट्टा राखायलाच हवा. त्याबाहेरही एकदम सफाचट तोड नको. उघड्या पडलेल्या कडेची झाडं वाऱ्याने उन्मळतात आणि मुळांबरोबर फटींतली मातीही उपटून येते. पण गुहेत पाणी येतं ते वरच्या बुडणाऱ्या, म्हणजे वाटेतच जमिनीत गडप होणाऱ्या, ओढ्यांतून. ओढा कोरडा असला तरी त्याला पट्टा द्या.

कुठलं पाणी कुठे निघतं, हे रंग टाकून पाहावं लागतं. सक्रिय कोळशाच्या जाळीदार पुड्या आसपासच्या सगळ्या झऱ्यांत बांधा, शेजारच्या खोऱ्यातल्याही; कोळसा पाण्यातला रंग धरून ठेवतो. रंग टाकण्याआधी पुड्यांचा एक संच आठवडाभर ठेवून तपासून घ्या. नाहीतर पाण्यात आधीपासून असलेली चमक तुमच्या रंगाची समजाल. मग ओढा बुडतो तिथे फ्लुओरेसिन हा चमकणारा हिरवा रंग सोडा, पुड्या ठरावीक दिवसांनी बदला आणि प्रयोगशाळेत पाठवा. झऱ्यावर बसून हिरव्या पाण्याची वाट पाहणारे घाईवाले दोनच गोष्टी करतात: कमी रंग टाकून ‘संबंध नाही’ असं लिहून देतात, किंवा जास्त टाकून खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी हिरवं करतात.

रस्त्याची चर खळग्यात सोडणं. थोड्या थोड्या अंतरावर मोऱ्या काढून पाणी झाडीत पसरू द्या.

फांद्या जागेवर जाळणं. चुनखडकावर माती म्हणजे बऱ्याचदा वीतभर कुजलेला पाला. तो जळाला की उघडा खडक उरतो आणि रोपं लावायला जागाच राहत नाही.

उतारावरून लाकूड ओढत नेणं. तारेवर पूर्ण उचलून न्या. महाग पडतं, पण माती टिकते.

डिझेल भरायला सपाट जागा बघून खळग्याशेजारी थांबणं. यावर काय बोलायचं!

एकाच बुटांनी गुहा-गुहा फिरणं. वटवाघळांना मारणारा, चिखलाबरोबर पसरू शकणारा ‘पांढऱ्या नाकाचा’ बुरशीचा रोग 2016 मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात सापडला. दुसऱ्या गुहेत जाण्याआधी बूट, दोर आणि कपडे चिखल काढून निर्जंतुक करा, आणि वटवाघळं निद्रेत असताना हिवाळ्यात आत जाऊच नका.