वॉशिंग मशीन वॉरंटीत वारंवार बिघडत असल्यास
वॉशिंग मशीन वॉरंटीच्या काळात पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर सेवा केंद्राला केवळ फोन करून थांबू नये. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि तंत्रज्ञाने कोणता दोष पाहिला व कोणता भाग बदलला, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. पुढे वाद झालाच, तर दोष मुळातलाच होता हे दाखवायला हे कागद बिलाइतकेच मोलाचे ठरतात. ‘मोटरवर १० वर्षे’ ही हमी बहुधा मोटरपुरतीच असते, सर्किट बोर्डाला ती लागू नसते. म्हणून वॉरंटी कार्ड खरेदीच्या वेळीच वाचावे.

कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथेही तोडगा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, मग मशीन दुसऱ्या शहरातून किंवा ऑनलाइन घेतलेले असले तरीही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि दुरुस्तीच्या आश्वासनांवर विसंबून ती निघून जाऊ देऊ नये.