सांगलीहून सिंगापूर: पहिल्या परदेशवारीत आधी झोपेचा हिशेब करा

चार रात्रींची परदेश सहल ठरली की घरात पैशांचा हिशेब पै-पैचा होतो, बघायच्या ठिकाणांची यादी रोज वाढते, पण झोपेचा हिशेब कुणी मांडत नाही. सांगली-साताऱ्याकडून निघणाऱ्यांची सहल नेमकी तिथेच बिघडते.

समजा, मुंबईहून रात्री ११:५५ चे थेट विमान आहे. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे नऊला पोहोचायचे. सांगलीहून पेठ नाक्यावरून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. जेवणखाण धरून आठ तास, आणि खंबाटकीत किंवा लोणावळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर आणखी एक. म्हणजे दुपारी बाराला घर सोडायचे. विमानाचे साडेपाच तास. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे उतरताना तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला, आपल्या वेळेने साडेबाराला. घराचे दार ओढल्यापासून गादीला पाठ लागेपर्यंत साडेचोवीस तास! मधल्या सात तासांत प्राणिसंग्रहालय उरकायचे ठरवले तर पोरे रडतात, आजीचे पाय सुजतात आणि दुसरा दिवसही हातचा जातो.

यावर उपाय आहेत. पैसे थोडे सैल सोडता येत असतील तर हॉटेल आदल्या रात्रीपासूनच घ्या आणि ‘सकाळी नऊला येतो’ असे लेखी कळवा. ते कळवले नाही तर ‘पाहुणा आलाच नाही’ म्हणून खोली रद्द होऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे दिवसाचे विमान घ्यायचे आणि आदली रात्र पनवेल किंवा नवी मुंबईत नातेवाइकांकडे काढायची. रेल्वेने जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, रात्री झोपून सकाळी मुंबईत. यातले काहीच जमत नसेल, तर पहिला दिवस चक्क रिकामा ठेवा. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर सांभाळायला द्या, जेवा, जवळच्या बागेत सावलीला बसा. साताऱ्याहून निघणाऱ्यांचे अंतर सव्वाशे किलोमीटरने कमी, तेवढाच त्यांना दिलासा.

तारखेचा घोळ इथेच सांगून ठेवू, कारण तो भल्याभल्यांचा होतो. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोहोचायचे. १२ तारखेला रात्री जेवून निघालेल्या माणसाचे विमान पुरा एक दिवस आधी गेलेले असते, आणि ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

कागदपत्रे: नाव तेवढे बघा

पासपोर्ट परतीच्या दिवसापुढे किमान सहा महिने चालणारा हवा. खरी गडबड नावाची. आपले नाव तीन पदरी, पासपोर्टवर रकाने दोनच: आडनाव आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव बहुधा दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून असते. तिकीट काढताना ते गाळले जाते, किंवा आडनाव आधी टाकले जाते. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर तिकीट आणि व्हिसा दोन्ही माहेरच्या नावाने काढा. पाठ नाव सांगू नका, पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर जुळवा. घरच्या ज्येष्ठांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, फिरायला जाणाऱ्याला आडवा येत नाही.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत निघतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. प्रवासाच्या साधारण तीन आठवडे आधी अर्ज टाकला की धावपळ होत नाही.

व्हिसा हातात आला म्हणजे झाले असे नाही. ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा ऑनलाइन फॉर्म उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांत भरायचा असतो. त्याआधी तो स्वीकारला जात नाही. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर किंवा ॲपवर तो फुकट भरता येतो. गूगलवर शोधताना वरच पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. घरातल्या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा.

बॅगेतला खाऊ

भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी, बेदाणे खुशाल न्या. पण अनारसे घरीच ठेवा. त्यांच्या एका अंगाला चिकटलेली ती पांढरी खसखस सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि नेण्यास मनाई आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कांदा-लसूण मसाल्यांतही खसखस भाजून घातलेली असते. आईने प्रेमाने पुडी बांधून दिली तरी आधी एवढे विचारून घ्या: ‘खसखस घातली आहेस का?’ शंका असेल तर पुडी न नेणेच बरे. दुबईला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, तिथेही खसखस चालत नाही.

तंबाखू, गुटखा, मावा यांना पूर्ण बंदी. च्युइंगम आणायला १९९२ पासून मनाई आहे, ई-सिगारेटही चालत नाही. सिगारेटचे एक पाकीट नेले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो, सूट शून्य. तंबाखूची सवय असलेल्यांनी चार दिवस काढता येतील का, याचा विचार घरी असतानाच करावा. चोरून नेण्याचा धोका पत्करण्यासारखा नाही.

लोणचे, तूप, दही हे विमानाच्या भाषेत द्रव. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली तपासणीत काढून घेतात, म्हणून लोणचे दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नकोत. तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोक्याच्या मालात धरतात. पॉवर बँकेचे उलटे: ती फक्त हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल आणि झोपेच्या काही गोळ्यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग एखाद्या दिवशी मागे राहू शकते.

चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर घ्या, आपली गोल पिन तिथे बसत नाही. एक पातळ शाल आणि एक छत्री ठेवा. बाहेर बारमाही ३० अंशांच्या आसपास दमट उकाडा आणि दुपारची सर, आत मॉलमध्ये हुडहुडी भरवणारा एसी. नवे बूट सहलीसाठी राखून ठेवू नका, दोन आठवडे आधी पायात घालून मोकळे करा.

पैसे

तुमच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर मुळात बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये तो चालू करा, सोबत ‘टॅप’ करून पैसे देण्याची सोयही, आणि हे सांगलीत असतानाच करा. परदेशात ओटीपी येणारा नंबर चालू नसला की मग काहीच करता येत नाही. त्यासाठी रोमिंग पॅक निदान एका फोनवर घ्या. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे हवे, रुपेवर विसंबू नका. मशीनवर ‘रुपयात की डॉलरमध्ये?’ असे विचारले तर डॉलर निवडा. रुपयात आकडा कळतो म्हणून बरे वाटते, पण त्यात दर चढा लावलेला असतो. वरखर्चाला माणशी शंभर-दीडशे सिंगापूर डॉलर रोख पुरतात. भाव बघताना ढोबळमानाने ७० ने गुणा.

उतरल्यावर

चांगी विमानतळावर इमिग्रेशनचे यंत्र पासपोर्ट वाचते, चेहरा आणि बोटे बघते आणि दार उघडते. पासपोर्टवर शिक्का पडत नाही. पहिल्यांदा गेलेले लोक इथे हमखास गोंधळून मागे फिरतात. किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येते, म्हणून अरायव्हल कार्डात रोज उघडता तोच ईमेल द्या.

बाहेर पडताच शहराची शिस्त जाणवते, आणि ती आपल्यालाही लागू असते. सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभे राहायचे, उजवी बाजू घाईत असलेल्यांची. मेट्रोत, तिथल्या भाषेत एमआरटीत, खाणेपिणे मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. मुलाला पाणी पाजायचे ते आत जाण्याआधी. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असते, त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवा आणि भरत राहा. विकतच्या पाण्यावर चार दिवसांत बराच पैसा जातो.

एमआरटीला तिकीट काढावे लागत नाही, बँकेचे कार्ड दारावर टेकवले की आत. परदेशी कार्डावर दिवसाला ६० सेंट जादा लागतात. एका कार्डावर एकच माणूस, आणि आत जाताना टेकवलेले कार्डच बाहेर पडताना टेकवायचे. नवऱ्याने एकाच कार्डाने बायकोलाही आत घ्यायचा प्रयत्न केला की दार अडते. दोन माणसे तर दोन कार्डे. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट नाही.

मुक्काम लिटल इंडियात ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. विमानतळावरून एक्स्पो स्टेशनला उतरून डाउनटाउन लाइनची निळी गाडी धरली की ती थेट लिटल इंडियाला आणते. सेरंगून रोडवर शाकाहारी पोळी-भाजी, इडली, ताट सगळे मिळते, आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे मुस्तफा सेंटर हे मोठे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दमलेल्या माणसाला ओळखीचा वास आलेला बरा.

एक वेळ तरी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या छोट्या गाळ्यांच्या सामाईक जागेत, जेवा. पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरते. रिकाम्या टेबलावर टिश्यूचे पाकीट पडलेले दिसले तर ती जागा कुणीतरी धरली आहे, तिथे बसू नका. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून रॅकवर ठेवायचे, न ठेवल्यास दंड होऊ शकतो. शाकाहारी मंडळींनी फक्त ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. चिनी स्वयंपाकात भाजीवरही शिंपल्यांचा किंवा माशांचा सॉस पडतो. ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ असे चारही शब्द म्हणा.

दिवस कसे लावावेत

एका दिवसात एकच मोठे ठिकाण. युनिव्हर्सल स्टुडिओज किंवा प्राणिसंग्रहालय सकाळी उघडताच गाठा, दुपारी दोनला हॉटेलवर परत या, झोपा, आणि सहाला पुन्हा बाहेर पडा. इथला सूर्य बारा महिने सातच्या सुमारास मावळतो आणि शहराचे सगळ्यात देखणे रूप त्यानंतरचे. गार्डन्स बाय द बेमधल्या सुपरट्रीचा दिव्यांचा खेळ रोज रात्री ७:४५ आणि ८:४५ ला होतो, फुकट. त्या लोखंडी झाडांखाली सरळ जमिनीवर पाठ टेकून बघा. मान दुखत नाही, आणि दिवे अंगावर उतरल्यासारखे दिसतात. तिथल्याच क्लाउड फॉरेस्ट या काचघरातल्या जंगलाला तिकीट आहे, पण सोडू नका. पुतळ्यातला सिंहमासा, मर्लायन, दहा मिनिटांत बघून होतो. नाइट सफारी दुपारी न झोपलेल्यांनी टाळावी, ती बघताना गाडीतच डोळा लागतो.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिचा कागद घेऊन ग्रेंज रोडवरचे भारतीय उच्चायुक्त कार्यालय. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९५.

परतताना

एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल तर ९ टक्के जीएसटीचा परतावा मागता येतो. बिल करतानाच पासपोर्ट दाखवा. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील तर ती बॅग काउंटरवर देण्याआधी परताव्याच्या यंत्रावर जा, कारण वस्तू तपासायला मागू शकतात आणि बॅग गेल्यावर दाखवायला काही उरत नाही.

मुंबईत विमान बहुधा रात्री किंवा पहाटे उतरते. चार दिवस पायपीट करून, अर्धवट झोपेत, स्वतः गाडी हाणत सांगली गाठायचा विचार करू नका. द्रुतगती मार्ग संपला की पुण्यापुढे सरळ रस्ता लागतो आणि पहाटे चारला स्टिअरिंगवरच डोळा मिटतो. गाडी ठेवून गेला असाल तर पनवेलला खोली घेऊन सहा तास झोपा, नाहीतर घरून झोप झालेला चालक बोलवा.