माळढोकाच्या नावचा सरकारी पैसा आपल्या माळापर्यंत कसा आणायचा

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. माळढोक म्हणजे उघड्या माळावरचा पक्षी. ‘माळढोक वाचवायला निधी मिळावा’ असा अर्ज दिला की आवक नंबर पडतो आणि कागद फायलीत जातो, कारण त्यात कुठल्या गट नंबरात काय काम, किती हेक्टर, खर्च किती हे काहीच नसतं. मागायचं ते काम मागा.

आपल्याकडं अजून एक लफडं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, तेव्हा हद्द होती 8,496 चौरस किलोमीटर, पार नगर जिल्ह्यापर्यंत, त्यात गावंच्या गावं आली, जमिनीच्या व्यवहाराला अडचण, लोक वैतागले, मग पुढं ती 1,222 वर आणली. तरी आजही माळढोकाचं नाव काढलं की निम्मी ग्रामसभा उठून जाते. म्हणून ठरावात पहिल्या ओळीत पक्षी नको, गवत घाला. चारा सगळ्यांनाच लागतो. आणि गवत आलं की काळवीट, खोकड, लांडगा सगळेच टिकतात, त्याला वेगळा ठराव लागत नाही.

लांडग्याचं नाव काढलं की मेंढपाळ मामा भडकणार, बरोबरच आहे त्यांचं. त्यांना आधी भरपाईचं नीट सांगा: शेळी-मेंढी मारली तर 48 तासांच्या आत वनरक्षकाला नाहीतर वनखात्याच्या रेंज ऑफिसला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. एकाची भरपाई मिळवून दिली ना की चार हात ठरावाला आपोआप वर होतात.

आता ठराव कुणाच्या नावानं? तर जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या. 2002 च्या कायद्यानं ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायलाच पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असतेच, सदस्यांनाच माहीत नसतं आपण सदस्य आहोत म्हणून. ग्रामसेवकांकडून यादी घ्या आणि लोकजैवविविधता नोंदवही काढायला लावा. त्यात आपला माळ, तिथलं गवत, पक्षी, जनावरं लिहिलेली नसतील तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन बसा आणि भरून घ्या.

मग रेंज ऑफिसात बसून अंदाजपत्रक. पावसाळ्याआधी मारवेल, पवन्या या गवतांचं बी, काही पट्टे चराईला बंद, विलायती बाभळ काढणं, पाणवठा, उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून जाळरेषा. आणि इथं भांडायचं असेल तर भांडा: झाडं नकोत! माळ म्हणजे पडीक जमीन असं धरून खड्डे मारायची सवयच आहे सगळ्यांना, पण माळढोक उघड्यावर, जमिनीवर एकच अंडं घालतो, त्याला लांबवर दिसायला लागतं. त्याच्या नावानं पैसे आणून तिथंच झाडी उभी केली तर काय उपयोग?

पैसा कुठून, तर सगळ्यात जवळचा म्हणजे जिल्हा वार्षिक योजनेतला वन विभागाचा. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. पुढच्या वर्षाचा आराखडा मार्चच्या आधी ठरतो, त्यामुळं प्रस्ताव दिवाळीच्या आधीच आत गेला पाहिजे, फेब्रुवारीत पळापळ करून काही होत नाही. दुसरा कॅम्पा निधीचा, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला घेणाऱ्यांनी भरपाई म्हणून भरलेला. 2016 ला केंद्रानं याच कॅम्पातून माळढोकासाठी सात वर्षांचे 33.85 कोटी मंजूर केले होते, ब्रीडिंगचं काम मात्र जैसलमेरला चाललंय. तिकडं पक्षी आहेत, ठीकच आहे, पण माळ आपलाही आहे.

मंजुरी झाली की फोटो काढून ठेवा, कामाआधीचे, तारखेसकट. वर्षभरानं माहितीचा अधिकार टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘किती खर्च झाला’ असं मोघम विचारू नका, कामाची मोजमाप पुस्तिका आणि बिलांच्या नक्कला मागा, एका अर्जात एकच विषय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अर्जाची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या, माझी एकदा राहिली होती आणि मला परत पहिल्यापासून सुरू करावं लागलं.