स्टिरिओ स्लाइड: काटेकोरपणा कोठे आणि मोकळीक कोठे

स्टिरिओ स्लाइडकडे, म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी एकेक प्रतिमा शेजारी बसवून खोली दाखवणाऱ्या स्लाइडकडे, वळणाऱ्या नवोदिताला लवकरच दोन प्रकारचे छायाचित्रकार भेटतात. काहीजण माउंटमधला (दोन्ही प्रतिमा धरून ठेवणाऱ्या चौकटीतला) केसाएवढा कलही खपवून घेत नाहीत आणि त्यामुळे वर्षाकाठी मोजक्याच स्लाइड पूर्ण करतात. काहीजण मात्र भरभरून फोटो काढतात, धुऊन आलेली फिल्म कापतात आणि जमेल तशी बसवून मोकळे होतात. मी दोन्ही रीतींनी काम केले आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की कोणती रीत श्रेष्ठ हे ठरवत बसण्यापेक्षा दोषांची नीट वर्गवारी करावी, कारण काही दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास देतात आणि काही दोष फक्त छायाचित्रकाराच्या मनाला बोचतात.

पहिल्या प्रकारात सर्वांत वाईट दोष म्हणजे उभा फरक. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दाखवून दिले की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांमधील आडव्या फरकातून मेंदू खोली उभी करतो. आडव्या फरकाशी जुळवून घेण्याची आपल्या डोळ्यांना जन्मभराची सवय असते. पण एक प्रतिमा वर आणि दुसरी खाली असेल, तर एक डोळा वर आणि दुसरा खाली वळवावा लागतो, आणि तसे करण्याची डोळ्यांची क्षमता फारच थोडी आहे. परिणामी चित्र दिसते, खोलीही दिसते, पण थोड्याच वेळात कपाळ जड होते आणि पाहणारा कारण न कळता स्लाइड खाली ठेवतो. एक प्रतिमा किंचित फिरलेली असली तरी हेच घडते, कारण मग चित्राच्या एका कडेला फरक वरचा असतो आणि दुसऱ्या कडेला खालचा.

हा फरक किती चालतो, हे स्लाइड कशात पाहायची आहे यावर अवलंबून असते. हातातल्या व्ह्यूअरमध्ये डोळे थोडेफार सांभाळून घेतात. प्रोजेक्टरवर मात्र साधारण 21 मिलिमीटर रुंदीची प्रतिमा दीड मीटरच्या पडद्यावर गेली की ती सत्तर पट मोठी होते, म्हणजे माउंट करताना राहिलेली 0.1 मिलिमीटरची चूक पडद्यावर 7 मिलिमीटरची होते. म्हणून ज्या स्लाइड इतरांना दाखवायच्या आहेत, त्यांच्या बाबतीत काटेकोरपणाचा अतिरेक असा काही नसतो, असे मी आग्रहाने सांगेन.

डावी-उजवी अदलाबदल हा दुसरा अक्षम्य दोष. स्टिरिओ रिअलिस्ट या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आणि त्याच्या पद्धतीच्या इतर कॅमेऱ्यांत एका जोडीच्या दोन प्रतिमा फिल्मवर शेजारी नसतात. त्यांच्यामध्ये दुसऱ्या जोड्यांच्या दोन प्रतिमा येतात. त्यामुळे कापण्याआधी क्रम लावून घेतला नाही तर जोड्या विस्कटतात, आणि डावे उजवीकडे गेले तर खोली उलटी होऊन मागचे पुढे येऊ पाहते. तिसरा दोष चौकटीचा. स्टिरिओ चित्र खिडकीतून पाहिल्यासारखे दिसावे लागते. एखादी फांदी किंवा खांदा त्या खिडकीच्या पुढे आला आणि त्याच वेळी कडेने कापलाही गेला, की डोळ्यांना दोन परस्परविरोधी खुणा मिळतात. यावरचा सोपा उपाय फोटो काढतानाच करता येतो: जवळची वस्तू दोन भिंगांमधील अंतराच्या तीसपट तरी दूर ठेवावी. भिंगांत 70 मिलिमीटर अंतर असेल तर हे सुमारे 2.1 मीटर होते.

एवढे सांभाळले की बाकी बाबतींत मी नवोदितांना मोकळे सोडतो. आकाश अर्ध्या स्टॉपने (प्रकाश मोजण्याच्या अर्ध्या पायरीने) फिके आले, क्षितिज दोन्ही प्रतिमांत सारखेच किंचित कलले, रचना पुस्तकी नियमात बसली नाही, तरी खोलीचा आनंद कमी होत नाही. धुळीचा कण एकाच डोळ्याला दिसतो आणि हवेत तरंगत असल्यासारखा वाटतो, हे खरे. पण ब्लोअरने एकदा झटकून न गेलेल्या कणामागे घरच्या स्लाइडसाठी संध्याकाळ घालवू नये. एकाच साध्या कॅमेऱ्याने, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत दोन फोटो काढण्याची रीतही जरूर करून पाहावी, मात्र विषय स्थिर असावा, कारण दोन फोटोंच्या मधल्या वेळात हललेली पाने आणि पाणी व्ह्यूअरमध्ये डोळ्यांना टोचणारी चमचम निर्माण करतात.

सेटन रॉकव्हाइट यांनी घडवलेला स्टिरिओ रिअलिस्ट 1947 मध्ये बाजारात आला तो हौशी माणसांसाठीच, आणि त्याचे यश मला काटेकोरपणा की मोकळीक या प्रश्नाचे उत्तर वाटते. दोन्ही भिंगे एकाच भक्कम सांगाड्यात बसवलेली असल्यामुळे प्रतिमांची उंची जुळवण्याचे अवघड काम कॅमेराच करून टाकतो, आणि छायाचित्रकाराला निर्धास्तपणे फोटो काढता येतात. म्हणून सुरुवात दोन कॅमेरे पट्टीवर जोडून करण्याऐवजी अशा एखाद्या जुन्या पण सुस्थितीतील कॅमेऱ्याने करावी. ३६ फोटोंच्या रोलमध्ये २८-२९ जोड्या मिळतात, त्यामुळे प्रत्येक जोडीसाठी दम धरून बसण्याचे कारण उरत नाही.

माझी आताची पद्धत सांगतो. रोल धुऊन आला की बहुतेक सर्व जोड्या मी साध्या पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये पटपट बसवतो, क्रमांक घालतो आणि व्ह्यूअरमध्ये घरच्यांसोबत पाहतो. ज्या स्लाइड लोक परत मागून पाहतात, त्याच वेगळ्या काढून नव्या माउंटमध्ये, भिंगाखाली, उंची आणि कल तपासत पुन्हा बसवतो. प्रोजेक्शनसाठी त्या क्रमाने लावताना खोली एका चित्रातून दुसऱ्या चित्रात एकदम उडी घेणार नाही, हेही पाहतो. फार खोल दृश्यानंतर लगेच अगदी जवळचे चित्र ठेवत नाही.