लाखेच्या माळेला गरम पाणी नको: बोरमाळ, साज, ठुशी वापरताना या चुका टाळा

बोरमाळ किंवा मोहनमाळ भरीव सोन्याची नसते, हे बऱ्याच घरांत पहिला मणी चेपल्यावरच कळतं. बोराएवढा मणी भरीव केला तर माळ गळ्याला ओढेल आणि खर्चही आवाक्याबाहेर जाईल. म्हणून पातळ पत्र्याचा पोकळ मणी घडवून आत लाख भरतात. कोल्हापुरी साजाच्या पानांतही बहुधा लाखच असते. पत्र्याला आकार धरून ठेवायला आधार तिचाच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते धुताना. साखळी धुतो तशी माळ गरम पाण्यात सोड्याबरोबर भिजत घातली की दोन गोष्टी एकदम होतात. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास लाख मऊ पडते, आणि धुण्याच्या सोड्यात ती हळूहळू विरघळते. मण्याच्या भोकाशी तपकिरी, चिकट कड दिसली तर लाख बाहेर आली म्हणून समजा. मणी कानाशी हलवून खुळखुळ वाजला तर आतली लाख फुटली आहे. असा मणी बोटाच्या दाबानेही चेपतो. लाख स्पिरिटमध्येही विरघळते, तेव्हा अत्तर-स्प्रे आधी, माळ नंतर. दुकानातल्या, कंपनाने दागिने धुणाऱ्या मशीनमध्येही ती टाकू देऊ नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून घट्ट पिळा, एकेक मणी पुसा आणि लगेच कोरडा करा. तुटलेला भाग जोडायला डाख लावायचा असेल तर सोनाराला आधीच सांगा, ‘आत लाख आहे, ती काढून मग झाळा.’

दुसरं दुखणं दोऱ्याचं. पातळ पत्र्याच्या भोकाची कड धारदार असते आणि घामाने दोरा कुजतो. तुटतो तो बहुतेक वेळा हुकाच्या कडीपाशी. माळ दोन बोटांवर उभी धरा: मण्यांमध्ये फट पडून दोरा दिसू लागला, किंवा कडीजवळ तो काळा पडून त्याचे तंतू सुटले, तर लग्नाची वाट न पाहता पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात ओवणाऱ्याकडून) गाठवून घ्या. नेहमी घालत असाल तर वर्षातून एकदा. तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरू नका. तो ताठ राहतो, माळ गळ्यावर नीट बसत नाही आणि गाठही सरकते. ठुशी काढताना मागची सरकगाठ पूर्ण सैल करा. घाईत डोक्यावरून ओढली की दोऱ्याच्या विणीवर ताण येतो आणि मधले मणी तिरके होतात.

मोत्यांच्या तन्मण्याला रिठाही नको. मोती पातळ थरांचा. घाम आणि आंबट पदार्थ त्याचं तेज खातात. खोडात (मधल्या पदकात) मागून बंद घडणीचे खडे असतील तर पाणी मागे शिरून खड्यामागचा वर्ख काळा पडतो, मग खडाच मेल्यासारखा दिसतो. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा, एवढंच पुरे.

घेताना फसगत होते ती वजनात. समजा माळ ३० ग्रॅम भरली आणि त्यात लाख-दोरा ११ ग्रॅम असेल, तर सोनं १९ ग्रॅमच. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या, कारण मोडीला देताना लाख वजा होणारच. ‘२२के९१६’चा शिक्का शुद्धता सांगतो, लाख किती ते सांगत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लागतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच तपासा.

ठेवताना माळ खिळ्याला टांगू नका, दोरा ताणतो. सुती कापडावर आडवी ठेवा आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.